नाव टाकावे

पोरगी पहिल्यांदाच चर्चच्या उन्हाळी शिबिराला निघाली होती. सामानाच्या यादीखाली नियम होता: प्रत्येक वस्तूवर न पुसणाऱ्या शाईने नाव टाकावे. तिच्या सॅकवर नाव आधीच होतं, पाळकांच्या मुलीचं. सॅक त्यांनीच उदार मनाने दिलेली, आणि तंबू दोघींना एकच. आईने रॉकेल चोळलं, लिंबू चोळलं; रंग गेला, नाव ढिम्म हललं नाही. “पाळकांच्या घरचं नाव ते,” बाबा म्हणाले, “तारण झालंय त्याचं. नाश व्हायचा नाही.” “तुम्ही गप्प बसा हो!” आई करवादली. “आणि तू गं, ते नाव भिंतीकडे करून ठेव.” “तंबूला भिंत असते होय?” म्हणत पोरीने अर्ज पुढे ओढला. शेवटचा रकाना होता: शिबिरात कोणत्या नावाने हाक मारावी? सॅककडे बघत तिने एकेक अक्षर उतरवून काढलं. आता सॅक तिचीच होती.