जिवंत पट्टी

आमच्या संगणक प्रणालीतील बटणे आणि पट्ट्या पंचवीस वर्षे मी सांभाळल्या. त्या कधी नाचल्या नाहीत. ल्युबोशने पडद्यासाठी केलेल्या नव्या थीममध्ये मात्र बटण दाबताच फुगते आणि काम किती झाले हे दाखवणाऱ्या पट्टीवर निळी लाट अखंड धावते. यंदाच्या आवृत्तीत स्थान मिळवायचे, तर ही थीम दुपारी बाराच्या आत सर्व्हरवर पोहोचणे आवश्यक होते. ब्रनोच्या कचेरीत सर्वांसमक्ष त्याने 'पाठवा' हे बटण दाबले आणि तो ऐटीत पाय ताणून बसला.

"ल्युबोश, एकदा खाली वाकून इंटरनेटची तार बघ," मी म्हणाले.

"अहो बाई, लाट धावतेय की! तुमच्या पट्ट्या म्हणजे नुसती मढी. ही बघा, कशी जिवंत आहे!"

सगळे हसले. मी कॉफीतला गाळ तळाशी बसू दिला आणि सावकाश शेवटचा घोट घेतला.

बारा वाजले; सर्व्हरने दार लावून घेतले. ल्युबोशच्याच बुटाने निसटलेली तार मी टेबलाखालून उचलली आणि त्याच्या हाती ठेवली.

पडद्यावर लाट तितक्याच उत्साहाने धावत होती.