रानडुकराचा केस

"हीही नको. हिच्याहून हलकी दाखवा, भाऊजी."

येफिमने पोलादाची पट्टी बाजूला ठेवली. त्याआधी प्लास्टिकची ठेवली होती. बर्फाला भोक पाडून मासे धरायच्या वीतभर छड्या तो हिवाळाभर आपल्या स्वयंपाकघरात बसून बनवायचा. मासा कधीकधी आमिषाला नुसता ओठ लावतो. हाताला काहीच कळत नाही. कळतं ते छडीच्या टोकाला लावलेली पट्टी हलते त्यावरून. अग्लाया सकाळपासून ही टोकंच पारखत बसली होती.

शेवटी त्याने कपाटातून एक काडेपेटी काढली. आत रानडुकराच्या मानेवरचे राठ केस होते. त्यातला सगळ्यात बारीक त्याने छडीच्या टोकाला बांधला. अग्लायाने शालीतून लोकरीचा एक तंतू उपटला आणि केसाच्या टोकावर टाकला. केस वाकला.

"हा द्या."

"वहिनी, हा बर्फावर चालायचा नाही. जरा वारा सुटला की नाचत सुटेल."

"वारा नसणार. दोरा द्या, तुमच्याकडचा सगळ्यात बारीक. गळ नको."

"गळ नको? मग मासे काय आमंत्रण धाडून बोलावणार?" येफिम हसला. "आठवतंय ना, बर्फावर आलात त्या पहिल्याच हिवाळ्यात केस खाली जायची वाट बघत बसलात आणि तीन मोठे लेश्च मासे घालवलेत! बाकीचे मासे आमिष खाली ओढतात, लेश्च तोंडात धरून वर उचलतो. वाकलेला केस सरळ होतो. प्रोखोर तर अजून सगळ्यांना सांगतो..."

प्रोखोर, अग्लायाचा नवरा आणि येफिमचा पन्नास वर्षांपासूनचा मासेमारीतला जोडीदार, नोव्हेंबरपासून कुणालाच काही सांगत नव्हता. झटका आला तेव्हापासून वाचाही गेली होती आणि हातपायही.

"आठवतंय," अग्लाया म्हणाली आणि छडी कोटाच्या आत धरून निघाली.

घरासमोर तैसियाची गाडी उभी होती. वडिलांना शहरातल्या शुश्रूषागृहात न्यायला लेक आली होती. ती काही दगडाच्या काळजाची नव्हती. आईचं वय एकाहत्तर, कंबर कामातून गेलेली आणि नव्वद किलोचा माणूस दिवसातून चार वेळा कुशीवर वळवायचा.

"आई, त्यांना कळत असतं ना, तर मी त्यांना या घरातून हलवलं नसतं. नोकरी सोडून इथे आले असते. पण डॉक्टरांनी स्वच्छ लिहून दिलंय. त्यांना आपण कोण हेसुद्धा कळत नाही."

"डॉक्टरांनी तळहातावर बोट ठेवलं, दाबा म्हणाले, आणि लगेच घड्याळ बघितलं," अग्लाया म्हणाली. "मी रोज त्यांचा हात पुसते. येफिमबरोबर धरलेल्या माशांचं नाव काढलं की माझ्या बोटाखाली काहीतरी होतं."

"तुला तसं वाटतं, आई."

"वाटत असेल. मग बघूनच घेऊ. दार लाव."

तिने खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. पलंगाशेजारी स्टूल ठेवलं, त्यावर दोन पातेली रचली आणि वरच्या पातेल्यावर वजन ठेवून छडी पक्की दाबली. केसाच्या टोकाला बांधलेला दोरा तिने खाली आणला आणि प्रोखोरच्या उजव्या तर्जनीला गाठ मारली. दोरा एवढाच ताणला की केस किंचित वाकून राहावा. गाठ पहिल्याच खेपेला बसली.

तैसियाने तोंडावर हात घेतला. "आई, हे काय चालवलंयस?"

"मासे धरतेय. श्वास तिकडे सोड." मग ती नवऱ्याच्या कानाशी वाकली. "अहो, ऐकता का? लेक न्यायला आलीय. इथेच राहायचं असेल तर सांगा."

दोघी केसाकडे बघत राहिल्या. भट्टीत लाकूड तडतडलं. बऱ्याच वेळाने तैसिया उठली. तिचे डोळे भरून आले होते.

"मी पापणीसुद्धा लववली नाही, आई. एकदाही खाली गेला नाही."

"खाली बघत होतीस?" अग्लायाचा आवाज चिरकला. ती रडत होती आणि हसतही होती. "अगं, या घरात जन्मलीस ना तू? तो दोनदा वर गेला!"

"अंग कधीकधी आपोआप हलतं. डॉक्टर म्हणाले होते."

"मग तूच विचार. मी तोंड उघडत नाही."

तैसिया पलंगाच्या कडेला टेकली. किती तरी दिवसांत ती वडिलांशी थेट बोलली नव्हती. जे बोलायची ते त्यांच्याबद्दल, त्यांच्या डोक्यावरून.

"बाबा," ती म्हणाली, "इथेच राहायचंय?"

वाकलेला केस हळूहळू उठला. सरळ झाला. क्षणभर तसाच थांबला आणि पुन्हा खाली आला.

तैसियाने ओठ चावला. शुश्रूषागृहाचे कागद तिच्या मांडीवर होते. खात्री करून घेतल्याशिवाय ती उठणार नव्हती. त्या बाबतीत ती बापावरच गेली होती.

"आणि माझ्याबरोबर शहरात यायचंय?"

तिने शंभरपर्यंत आकडे मोजले. मग पुन्हा शंभरपर्यंत. केस जागचा हलला नाही, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तैसियाला बापाचा नकार स्पष्ट ऐकू आला.