डस्टिनसाठी प्रार्थना

"मुलाचं नाव काय?" चर्चमधल्या कॉफीच्या काउंटरमागच्या बाईंनी विचारलं.

"डस्टिन," नेल्डा म्हणाली. "तळ्यात बुडाला. एकोणीस वर्षांचा होता."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. छातीवरच्या पट्टीवर त्यांचं नाव होतं, मिस ओडेट, आणि त्याखाली लिहिलं होतं, 'तुमच्यासाठी प्रार्थना करू?' नेल्डाने काळा चष्मा काढला नव्हता. स्वतःचं नावही कॅरल सांगितलं होतं.

मिस ओडेट तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पास्टरांच्या कानावर घालू का, बाळ?"

"घाला की." त्यासाठीच तर ती आली होती.

रांगेतल्या सगळ्यांना कॉफीबरोबर डोनट मिळत होता. नेल्डाच्या हातावर मात्र बाईंनी खारे शेंगदाणे ठेवले. एवढं अवाढव्य चर्च आणि हात असा आखडता, असं मनाशी म्हणत ती गाडीकडे निघाली.

फोर्ट वर्थ शहराबाहेरचा मॉल बंद पडला आणि तिथे हे चर्च उभं राहिलं, तेव्हापासून ते नेल्डाच्या डोळ्यांत खुपत होतं. ती वाढली जुन्या मेथडिस्ट पंथाच्या चर्चमधल्या लाकडी बाकांवर. इथे मंचावर धूर, गिटारी आणि जीन्समधले पास्टर कोल्बी. पाटीवर कुठल्याच पंथाचं नाव नाही. "मग उद्या काही चुकलं तर जाब विचारायचा कोणाला?" असं ती केस कापायला गेली की तावातावाने विचारी. त्या जागेला ती गोदाम म्हणे.

"माझ्या नवऱ्याची दारू सुटली तिथे," शेजारच्या खुर्चीतली बाई एकदा म्हणाली.

"म्हणजे आता दुसरं काहीतरी धरलं असेल," नेल्डा म्हणाली.

पण खरं दुखणं गोदामाचं नव्हतं. धाकट्या बहिणीचं, फेयचं होतं. फेयच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन करा. फेय म्हणाली, गरज नाही.

"'या बाजूला कोणीतरी बरं होतंय,' पास्टर मंचावरून म्हणाले," तिने स्वयंपाकघरात सांगितलं होतं. "त्याच क्षणी छातीत ऊब आली माझ्या."

"त्या बाजूला हजारभर माणसं बसली होती, फेय."

"ऊब मला आली."

"आणि उद्या तेच म्हणाले, जा ऑपरेशनला, तर?"

फेय थंड चहा ढवळत राहिली. "तर ती माझ्या विश्वासाची परीक्षा. मी नाही डगमगायची."

त्यांची आई याच आजाराने गेली होती. शेवटी शेवटी नेल्डा तिला चमच्याने पाणी पाजायची. ते पुन्हा करायची तिच्यात ताकद नव्हती. पास्टरांना देवाचा शब्द येतो तो कॉफीच्या काउंटरवरून, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. फेयला ते डोळ्यांनी दाखवायचं, एवढंच उरलं होतं. म्हणून डस्टिन.

पुढच्या रविवारी ती फेयशेजारी जाऊन बसली. फेयला कोण आनंद झाला. पास्टर कोल्बींचा चेहरा ओढलेला दिसत होता. बोलता बोलता ते थांबले, पाणी प्यायले, पुन्हा प्यायले.

"आज इथे एक आई आहे," ते म्हणाले. "तिचा मुलगा तळ्यात बुडाला. देव मला त्याचं नाव सांगतोय. डस्टिन."

फेयने नेल्डाचं मनगट धरलं. "आजवर त्यांनी कधी कोणाचं नाव नव्हतं घेतलं," ती कुजबुजली.

पास्टर त्यांच्याच दिशेने पाहत होते, पण नेल्डाकडे नाही, फेयकडे. याला तर सावजसुद्धा ओळखता येत नाही, असं नेल्डाच्या मनात आलं.

गाडीत बसल्यावर तिने सगळं सांगून टाकलं.

"पण तुला तर मूलच नाही," फेय म्हणाली.

"नाही. पण त्यांच्या देवाला ते ठाऊक नाही."

फेयने छातीवर हात ठेवला. "मग ती ऊब?"

"कॉफीची असेल."

फेय ओक्साबोक्शी रडली. नेल्डाने तिला रडू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फेयने स्वतःच हॉस्पिटलला फोन केला.

नेल्डा गप्प बसणारी नव्हती. तिने गावभर सांगितलं, फेसबुकवर लिहिलं, वर्तमानपत्रातून फोन आला तेव्हा त्यांनाही सगळं साग्रसंगीत ऐकवलं. गोदामाचं पार्किंग ओस पडू लागलं. पास्टर कोल्बींनी मंच सोडला. खुलासा म्हणून एक अक्षर बोलले नाहीत. चोराला बोलायला तोंड कुठे असतं, असं नेल्डा म्हणे.

ऑपरेशन नीट पार पडलं. वेळेवर आलात, आजार पसरला नव्हता, असं डॉक्टरांनी सांगितलं. नेल्डा बाहेरच्या बाकावर डोळे पुसत बसली होती, तेवढ्यात मिस ओडेट समोर आल्या. हातात झाकलेली दोन भांडी.

"पास्टरांनी विचारलंय, फेय कशी आहे?"

"देवालाच विचारा म्हणावं. माझा नसलेला मुलगा दिसतो त्याला."

मिस ओडेटनी भांडी बाकावर ठेवली. "यात चिकन आहे. आणि हा पीचचा गोड पदार्थ तुझ्यासाठी, बिनसाखरेचा."

नेल्डाने वर पाहिलं. "मला शुगर आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दर बुधवारी आम्ही बायका प्रार्थनेला बसतो ना. फेय तुझा फोटो मध्ये ठेवते, कितीतरी दिवसांपासून. 'माझी नेल्डा, मूलबाळ नाही, एकटी राहते, त्यात शुगर.' तू चष्मा लावून आलीस म्हणून काय झालं, बाळ? मी लगेच ओळखलं तुला."

नेल्डा बाकावरून उठली. "पास्टरांना हे..."

"तू आलीस त्याच दुपारी सांगितलं मी. ऑपरेशन कर म्हणून फेयच्या घरी जाऊन जाऊन थकले होते ते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, 'बहिणीचं तरी ऐकेल ना ती?'"