कडूबांची बशी

रोज सकाळी पहिली एसटी यायच्या आत टेंभुर्णीच्या स्टँडवर कडूबा चहा बशीत ओतत, डोळे मिटून फुंकत, मगच पीत. हौसेने फोटो काढणाऱ्या कल्याण गुरुजींनी एकदा ते फुंकणे टिपले होते. कडूबा वारल्यावर घरात त्यांचा दुसरा फोटोच सापडला नाही. "हार घालायचाय गुरुजी," मुलगा म्हणाला, "बशी काढून बराबर कोट चढवा." गुरुजींनी संगणकावर तसे केले, पण ओठांचा चंबू तसाच राहिला. दुर्गाबाई पडद्यावरच्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. "कोटात बसून हे काय फुंकून राह्यले?" "आई, पाहुणे हसतील बशीला." "हसू दे. माणूस तर आपला दिसंल." मुलाने गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी कोट उतरवला, बशी जागेवर ठेवली. तेराव्याला भिंतीवरच्या तसबिरीचा हार बशीवर आला, तेव्हा गुरुजींनी उठून त्याची गाठ वर घेतली.