धुराचा वाटा

"आजी, नीट ऐकून घ्या," कार्बन तलाठी मानसी म्हणाली. "माणसाला जन्मात एकदाच धूर मिळतो. सगळे तो सरणासाठी राखून ठेवतात. तुम्ही भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यात घालवलात, तर पुन्हा मिळायचा नाही."

"ठाऊक आहे गं बाय. अंगठा कुठं लावू, ते सांग," लाडूबाई म्हणाली.

गावाने डोंगरउताराची भातशेती परदेशी कंपनीच्या कार्बन शोषणाऱ्या झाडांना भाड्याने दिली, त्याला तीस वर्षं झाली. घरं पक्की झाली, सावली दाट झाली; पण कुठं काडी ओढली, तरी खांबावरचं यंत्र बोंब ठोकायचं.

परसात खाटेएवढी जागा उरली होती. लाडूबाईने तिथं शेण, टहाळ, पालापाचोळा असे थर रचले, वर माती भुरभुरली. तिचा नवरा राघो करायचा तसा तिने राब वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवला, म्हणजे तो सावकाश जळतो. आज यंत्र गप्प राहिलं. निळसर धूर वर चढला. चैत्रात एके काळी सगळं खोरं असंच निळं व्हायचं, आणि राघो भुवयांवर राख घेऊन जेवायला यायचा. ती पुसू म्हटलं तर हसायचा.

लाडूबाई डोळे मिटून उभी राहिली, धूर संपेपर्यंत.

"आणि पुढं तुमचं काय करायचं, आजी?" मानसीने हळूच विचारलं.

लाडूबाईने निवलेली राख बोटाने भुवयांना लावली.

"इथंच पुरा. रोपं उपटून होईस्तोवर मी थांबते."