पडली तीन वेळा

"चेंडूवर बसायचं नाही, शौर्य. पाय ठेवायचा. नुसता पाय," संग्रामनं चौथ्यांदा सांगितलं. शौर्य चेंडूवर बसूनच राहिला.

आठवड्याचे सहा दिवस पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथपाशी उभं राहून संग्रामच्या पोटऱ्या भरून यायच्या. रविवारी सकाळी तो या सोसायटीच्या हिरवळीवर तीन-चार वर्षांच्या अकरा पोरांना फुटबॉल शिकवायचा. शिकवणं कसलं, निम्मा वेळ बुटांच्या नाड्या बांधण्यातच जायचा. तरी हे तास त्याला सोडवत नव्हते. निपाणी सुटल्यापासून पायाशी चेंडू यायचा तो इथेच.

आता तेही जाणार, अशी लक्षणं होती. तळमजल्यावरचे भीमाचार्य महिनाभर कुंपणाच्या मेंदीजवळ वही घेऊन उभे राहत होते. हसणं नाही, बोलणं नाही. मुलांच्या पायांकडे बघायचे आणि लिहायचे. गेल्या वर्षी यांनीच अर्ज देऊन बॅडमिंटन बंद पाडलं, असं वॉचमननं सांगितलं होतं.

आज हर्षिता वळताना आपटली. गुडघा सोलवटला. तिला कडेवर घेऊन नळाकडे जाताना संग्रामची नजर वहीवर पडली. कन्नड नाही, मराठीच होतं, रेखीव अक्षरात.

'एक पाय चेंडूवर. पडली – तीन वेळा. चेंडूभोवती वळणे. पडली – दोन वेळा.'

एकूण एक पोराचं पडणं या माणसानं टिपून ठेवलं होतं.

नऊला मुलं गेली. संग्राम जाळीच्या पिशवीत चेंडू भरत होता.

"मास्तर," मागून आवाज आला, "जरा घरी या. बोलायचंय."

संग्रामनं पिशवी खांद्यावर टाकली. वाद घालायचंही त्राण नव्हतं. दाराशी मात्र त्याला राहवलं नाही.

"काका, लहान पोरं आहेत. पडणारच. मी हिरवळीवरच घेतो, सिमेंटवर नाही. तेवढा अर्ज देऊ नका."

"कसला अर्ज?" भीमाचार्यांनी चपला काढत विचारलं. "आत या."

आतल्या खोलीत साठीच्या एक बाई खिडकीचे गज धरून उभ्या होत्या. पाठीशी खाट सरकवलेली. डावा हात अंगाशी लुळा. डावा पाय मात्र त्या इंच-इंच उचलत होत्या, समोरच्या लहानशा चेंडूवर ठेवायला.

"एक... दोन... थांब," त्या अडखळत म्हणाल्या. मुलांना शिकवताना संग्राम याच ठेक्यात मोजायचा.

पाय चेंडूपर्यंत गेला, घसरला, आणि त्या मागे खाटेवर पडल्या.

भीमाचार्यांनी वही उघडून खिशातून पेन काढलं.

"स्वल्प हळू शिकवा, मास्तर," ते म्हणाले. "लकव्यानंतर आमच्या कमलाला मुलांच्या वेगानं जमत नाही."