मधली प्लाय

"नव्वद रुपये फूट," दुकानदार म्हणाला आणि त्यानं पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

प्रेमिलाबाईंनी प्लायच्या शीटवर बोटानं टकटक केलं, नाक मुरडलं आणि मागच्या महिन्यात हीच साठला होती म्हणून ऐकवलं. मागच्या महिन्यात गारा पडल्या नव्हत्या, एवढंच तो बोलला. त्याचंही खरं होतं. परवाच्या वादळानं प्रताप नगरातल्या अर्ध्या घरांच्या काचा अंगणात आणून टाकल्या होत्या. काचवाल्याला दहा दिवस फुरसत नव्हती. उद्या संध्याकाळी पुन्हा गारपीट, असं टीव्हीवाले सकाळपासून सांगून राहिले होते. प्लायवाल्यानं भाव खायचा तो आता नाही तर कधी?

बाईंना दोन शीट लागत होत्या. एक स्वयंपाकघराच्या खिडकीला, एक हॉलमधल्या कुलरच्या खिडकीला. वर ऑटोचं भाडं, सुताराची मजुरी. नवऱ्यामागं मिळणाऱ्या पेन्शनीतली निम्मी दोन खिडक्याच खाऊन बसणार होत्या. "इतक्या भावात तर मी दुकानासकट घेईन," असं म्हणून बाई रिकाम्या हातानं पायऱ्या उतरल्या.

घरी पोचतात तोच काटोलहून लेकीचा, अपेक्षाचा फोन आला. पैसे पाठवू का, विचारत होती. बाई फोन घेऊन मुद्दाम हॉलमधल्या पार्टिशनपाशी गेल्या आणि आवाज चढवून म्हणाल्या, सगळ्यात भारी प्लाय सांगितली आहे, पाण्यात टाकली तरी फुगत नाही, पैशाची कोणाला पडली आहे.

पार्टिशनपलीकडे सुमती राहत होती. धाकटी जाऊ. नऊ वर्षांमागं दोघा भावांचे हिस्से झाले तेव्हा हा हॉल मधोमध कापला. हॉलला कुलरची खिडकी एकच, ती थोरल्याच्या वाट्याला गेली. नागपूरच्या मे महिन्यात कुलरची खिडकी म्हणजे काय चीज असते ते भोगणाऱ्यालाच ठाऊक. त्यावरून जावा-जावांची जुंपली आणि बोलणं बंद झालं. पुढे दोघे भाऊ एकामागोमाग गेले. लेकी सासरी गेल्या. अबोला तेवढा घरात राहिला.

आता अलीकडे एक बाई, पलीकडे एक बाई. दोन गॅस, दोन टीव्ही, दोन दारांत अर्धा-अर्धा लिटर दूध. सुमती भांडं आपटत नसे की फोनवर मोठ्यानं बोलत नसे. पलीकडे माणूस आहे की नाही, असं वाटावं. बाईच बोलत. भाजी महाग झाली तरी पार्टिशनकडे तोंड करून. गुडघा ठणकत असला की "आपल्याले काही होऊन नाही राहिलं" हेही तिकडेच तोंड करून.

दुपारी नानाजी सुतार आले. दोन्ही खिडक्यांची मापं घेतली, प्लायचा भाव ऐकला आणि कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथंच खोवली. थोडा वेळ घुटमळले. मग पार्टिशनपाशी जाऊन त्यांनी हलकेच हात फिरवला.

"बाई, प्लाय तं तुमच्या घरातच आहे."

पार्टिशन त्यांनीच केलं होतं. मध्ये लाकडाची चौकट आणि दोन्ही अंगांनी प्लाय. आपापल्या बाजूची प्लाय आपापल्या खर्चानं, असं ठरलं होतं. उद्या कोणी कोणाला टोचून बोलायला नको. इकडच्या दोन शीट बाईंच्या, त्या काढून खिडक्यांना लावू. तिकडच्या जागच्या जागी राहतील, असं नानाजींनी समजावलं.

पैसे वाचत होते, त्याचं काही नव्हतं. पण प्रेमिलानं भिंतीची प्लाय सोलून खिडकीला लावली, हे सुमतीच्या कानावर गेलं तर नऊ वर्षांची ऐट एका दुपारीत मातीत जाणार होती.

"तिले कळन काय, नानाजी?"

ठोकठाक करणार नाही, पेचकसानंच काढतो, असं नानाजी म्हणाले. बाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि मान हलवली.

एकेक स्क्रू निघाला. पहिली शीट हळूच बाजूला सरकली. बाईंनी पुढे होऊन पाहिलं.

चौकटीपलीकडे प्लाय नव्हतीच.

पलीकडचा अख्खा हॉल दिसत होता. दिवाण ओढून थेट चौकटीला लावलेला, उशी या बाजूला. त्यावर सुमती मेथी निवडत बसलेली. तिच्या दोन्ही शीट समोरच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या कोणी उतरवून दिल्या, हे बाईंना विचारावं लागलं नाही. नानाजी खाली मान घालून स्क्रू गोळा करत होते.

भारी प्लाय, न दुखणारा गुडघा, लेकीशी मारलेल्या सगळ्या बाता. बाईंचे कान तापले. तोंड मात्र हरायला तयार नव्हतं.

"कुलरची हवा चोरून राहिली काय वं?"

सुमती उठली. नऊ वर्षांत केस पार पांढरे झाले होते.

"हवा कुठून येते, बाई? तुमची प्लाय होती ना. या माह्या घ्या, खिडक्यांले लावा. मले नाही लागत."

"मंग काढली काहून?"

सुमतीनं हातातली मेथीची काडी उगाच मोडली.

"तुम्ही एकट्या पडल्या, तवापासून काढून ठेवली. दोन प्लायमधून रात्री तुमचं घोरणं ऐकू येत नव्हतं. एकीतून येते, मंग मी झोपतो."